आमचा लाल्या ट्रेलरमधी दिसला!

मंडळी, आज एका ऐतिहासिक पिक्चरचा ट्रेलर आला. गेल्या हिवाळ्यात सोनपेठजवळ त्याचं शूटिंग झालं, तेव्हा तोफ ओढायला आमची बैलजोडी नेली होती.

आख्खं घर एका मोबाईलवर वाकलं. तलवारी चमकल्या, राणी रडली, पण कुणाचं ध्यानच न्हाई. एकदम काकू ओरडली, "थांबव! त्ये वाकडं शिंग बघ, आपला लाल्या हाय!"

शेजारच्या मामीनं विचारलं, "अन् हिरो कोन हाय?"

"लाल्याच्या मागं उभा हाय, त्यो आसंल."

लगेच काकूनं पोळ्यासारखं ताट केलं आन् गोठ्यात जाऊन लाल्याला ओवाळलं. त्याचा जोडीदार पवळ्या ट्रेलरमधी कुठंच नव्हता. त्यालाबी ओवाळून काकू म्हणाली, "रुसू नको बाबा, तू पिक्चरमधी हायस."

आता तुमीच सांगा, पवळ्यासाठी तिकीट काढावंच लागंल की न्हाई?