राधाबाईंचं गोत्र

मंडळी, आज सकाळी इथे गंगेच्या बालाजी घाटावर सांगलीहून आलेले एक काका भेटले. आईवडिलांचं तर्पण झाल्यावर मला म्हणाले, "तुमच्या कादंबरीतल्या राधाबाईंचं गोत्र काय हो? नवरा, मुलगा दोघं पानिपतावर गेले. दोन ओंजळी त्यांनाही देतो."

राधाबाई मी रचलेली आहे. पण वाचकांना ती खरी वाटावी म्हणून पुस्तकात तसं कुठेच लिहिलं नाही.

काकांचे डोळे भरलेले होते. मी पुटपुटलो, "गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणतात."

तर्पण सांगणारे गुरुजी हसले, "लेखकालाच ठाऊक नाही? कमाल है!"

काकांनी तीळ-पाणी सोडलं. मला गंगेकडे बघवेना.

काका संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार आहेत. त्याआधी त्यांना खरं सांगू का? तुम्ही काय केलं असतं?