तुपाची बरणी

विमानतळावरच्या तपासणीत माझी पिशवी बिनबोभाट सुटली. औषधं वर, शाल खाली, पातळ काही नाही. सुनेने बजावलं होतं, मी ऐकलं. माझ्या मागच्या बाईच्या पिशवीतून मात्र साजूक तुपाची बरणी निघाली.

"आजी, हे आत नेता येत नाही. मोठ्या बॅगेत टाकायचं होतं," तपासणारी पोरगी म्हणाली.

"अगं, फुटेल म्हणून हातात घेतली. लेक बाळंत झालीय. महिनाभर साय साठवली मी."

बरणी काढून घेतली. कोणी हळहळलं नाही. आपली पिशवी सुटली की दुसऱ्याची कोण बघतो? मी तर मोठं सामान देतानाच ती बरणी पाहिली होती. तेव्हा सांगता आलं असतं. नाही सांगितलं. दुसरी चुकली की आपण शहाण्या ठरतो, आणि या वयात शहाणं ठरायला दुसरं काही उरत नाही.

पुढे ती माझ्याच शेजारी येऊन बसली.

"तिकडे मिळत असेल ना हो तूप?"

"मिळतं की. डिंकाचे लाडू मिळतात, बाळाला न्हाऊ घालायला बाईसुद्धा मिळते."

मग तिने लेकीला फोन लावला. म्हणाली, "तूप घरीच विसरले गं."