खोक्यांच्या फळ्यांचं देऊळ

ओल्या देवदाराचा वास तुम्ही कधी वाळवंटात घेतला आहे? राळेचा किंचित कडवट, किंचित गोड असा तो दरवळ, भिजलेल्या वाळूच्या उग्र गंधातून हळूच वर येणारा! पन्नास-साठच्या दशकांत मी कुवेतमध्ये जी वर्षं काढली, त्यांतला एक शुक्रवार त्या वासासह माझ्या मनात जसाच्या तसा आहे.

कुवेत शहरातल्या दस्मानच्या किनाऱ्यापासून मोटारीने तासाभरावर, तेलविहिरींच्या बाजूला आमची कामगार वसाहत होती. मी तिथला स्टोअरकीपर. काय आलं, काय गेलं, काय मोडीत काढायचं, याच्या याद्या करणं हे माझं काम. आणि खरं सांगायचं तर माझा स्वभावही. वसाहतीच्या टोकाला एक लाकडी चर्च होतं. वसईचे ख्रिस्ती कामगार त्याला देऊळच म्हणत. त्यांच्यातल्याच बस्त्याव मिस्त्रीने ते यंत्रांच्या रिकाम्या खोक्यांच्या फळ्यांतून उभं केलं होतं. भिंतींवर आतून खोक्यांची काळी इंग्रजी अक्षरं अजून दिसत. वेदीमागच्या फळीवर तर ‘सांभाळून उचला’ अशी सूचना होती. जिथे माणसं आपली दुःखं घेऊन येतात, तिथे याहून समर्पक मजकूर कोणता?

सगळ्यांच्या थट्टेचा विषय मात्र त्याचं छप्पर. भोवती मातीची सपाट धाबी, आणि मध्येच हे दोन्ही अंगांना उतरलेलं, फळीवर फळी चढवून खवल्यांसारखं रचलेलं छप्पर!

“मिस्त्री, इथे पाऊस कुठला? ही उतरती पाखं कुणासाठी काढलीत, उंटांसाठी?” असं कुणी छेडलं की बस्त्याव शांतपणे म्हणे, “देवाचं घर असंच असतं, बाबा. मला दुसरं बांधता येत नाय.”

घर मागे राहतं, पण ते बांधायची रीत हातांत बसून समुद्र ओलांडते, नाही का?

दोन उन्हाळ्यांत फळ्या आक्रसल्या. सांध्यांमधून उन्हाच्या बारीक रेघा गुडघे टेकलेल्यांच्या पाठींवर उतरू लागल्या. ती शोभा मला दिसली. तरी यादीत मी लिहिलं, ‘छप्पर निकामी.’ काँक्रीटच्या साच्यांना लाकूड हवंच होतं. शनिवारी सकाळी चर्च उतरवायचं ठरलं. माझी सही तेवढी राहिली होती. बस्त्यावने ते ऐकलं आणि तो एवढंच म्हणाला, “सही करायच्या आधी एकदा आत बसून बघा, भाऊ.”

म्हणून शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, प्रार्थनेच्या वेळी यादी खिशात घालून मी शेवटच्या बाकावर बसलो. आणि त्याच सकाळी पाऊस आला! हिवाळ्यात तिकडे कधीमधी शिंतोडे पडत, हा कोसळलाच. बराकींची धाबी गळू लागली, तशी रत्नागिरीकडची मुसलमान मंडळी वळकट्या डोक्यावर घेऊन चर्चच्या दाराशी धावली. पण आतही जागोजागी धारा लागलेल्या. मेणबत्त्या विझल्या. बस्त्याव वर पाहत नुसता उभा होता.

“बघितलंत ना मिस्त्री?” मी म्हणालो. आज ते आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

उंबऱ्यावर भिजत उभा असलेला अब्बास तांडेल मोठ्याने हसला. इथे तो पाइप वाहत असे, पण अर्धा जन्म त्याचा पडावांवर, शिडाच्या लाकडी होड्यांवर गेला होता. “अवो भाऊ, कागद ठेवा खिशात! पडाव चार म्हैने कोरडा पडला की असाच फाटतो. पानी पिऊ द्या छपराला. लाकूड तहानलेलं हाय.”

“किती वेळ?” मी विचारलं.

“तहान किती, त्यावर हाय!”

मी थांबलो. आम्ही सगळेच थांबलो. बाकं भिंतीशी सरकली, वळकट्या त्यांच्यावर चढल्या, कुणी चहाचं आधण ठेवलं. दुपारपर्यंत धारांचे थेंब झाले. तिसऱ्या प्रहरी एकेक थेंब मोजता येऊ लागला. आणि मग, बाहेर पाऊस तसाच झोडपत असताना, आत नवल वाटावं अशी शांतता पसरली. फळ्या फुगून एकमेकींना भिडल्या होत्या! बस्त्यावने हात उंचावून एका सांध्यावरून बोट फिरवलं, ते कोरडं निघालं, आणि तो लहान मुलासारखा रडला.

जी भेग मी दोष म्हणून टिपली, ती लाकडाने जगण्यासाठी राखलेली जागा होती. कितीतरी माणसांविषयीही मी अशीच घाई केली असेल!

शनिवारी ट्रक आला. गोदामामागे नव्या पंपांची रिकामी खोकी पडली होती. ती फोडायला मी ट्रक तिकडे पाठवला आणि यादीवर लिहिलं, ‘चर्च वापरात आहे.’ बस्त्यावला हे सांगायला गेलो, तर त्याने आभारबिभार काही मानले नाहीत. दारासमोरच्या ओल्या वाळूत तो काठीने रेघा मारत होता.

“दोन रत्तल खिळे द्याल, भाऊ? पुढे पडवी काढतो. काल तांडेलाची माणसं उंबऱ्यावर भिजली.”

पुन्हा तसा पाऊस कधी येईल, हे त्यालाही ठाऊक नव्हतं आणि मलाही. मी तीन रत्तल दिले.