साखराबाई आणि देवळातला वड

शिरूर कासारच्या साखराबाईनं उमर ऊसतोडीत घालवली. गुडघे गेल्यावर ती बीडला लेकाकडं आली आणि वस्तीतल्या देवीच्या देवळात झाडलोटीला लागली. आवारात एक जुना वड आणि दोन कडुलिंबं होती. पोपट, साळुंक्या, वटवाघळं, सगळ्यांचं बिऱ्हाड तिथंच. त्यामुळं झाडलेलं आवार घटकाभरात पुन्हा भरायचं. साखराबाई झाडांना रोज शिव्या घालायची. मोठ्यानं घालायची.

देवळाचे अध्यक्ष विजयसिंह यांनी ते ऐकलं. माणूस दयाळू. ते म्हणाले, "मावशी, तुमचा त्रास मिटवून टाकतो."

होळीनंतर दोन्ही लिंबं पाडली. आवारभर फरशी बसवली, वर पत्र्याचं शेड टाकलं. साखराबाईचं काम निम्म्यावर आलं. ती खूश होती.

मग उन्हाळा लागला. पत्रा तापला, पत्र्याखालची हवा तापली. फरशीवर अनवाणी माणसं उड्या मारत देवीपुढं जाऊ लागली, त्यामुळं दर्शन लवकर उरकू लागलं. पोपट विजेच्या तारेवर बसू लागले. वळवाचा एक पाऊस झाला, तर पाणी मातीत मुरायचं सोडून थेट गाभाऱ्यात शिरलं. ते साखराबाईनंच उपसलं.

त्याच आठवड्यात माणसं झाड कापायचं मशीन घेऊन वडाकडं आली. साखराबाई वडाच्या बुंध्याशी जाऊन बसली.

"मावशी, उठा," विजयसिंह म्हणाले.

"न्हाई उठत."

"कावून? तुमीच म्हणत होत्या ना, कचरा लई पडतो?"

"म्हणत होते. आजबी म्हणते."

"मग?"

"सासूलाबी लई बोलायचे मी. म्हणून तिला तोडायला मानसं न्हाई आनली."

भर दुपारची वेळ. भजनाच्या बायका पत्र्याखालून उठून साखराबाईजवळ येऊन बसल्या. त्यांचा कशालाच विरोध नव्हता, दुसरीकडं गार सावली नव्हती एवढंच. मशीनवाल्यांनीही तिथंच डबे सोडले. विजयसिंह थोडा वेळ उन्हात उभे राहिले आणि मग तेही सावलीत आले. साखराबाईनं सरकून जागा दिली.

"इथं गार हाय," ते म्हणाले.

"हायच," साखराबाई म्हणाली.

जेवण झाल्यावर मशीनवाले जरा आडवे झाले. उठले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. विजयसिंहांनी त्यांना परत पाठवलं. वड पाडायचा ठराव रद्द झाला असं कुणी बोललं नाही, पण त्यानंतर तो विषय निघालाही नाही.

पुढं वडाभोवतीची फरशी उखडून आळं केलं. लिंबांच्या जागी दोन नवी रोपं लावली. त्यातलं एक शेळीनं खाल्लं. दुसऱ्याभोवती साखराबाईनं काट्या रोवल्या आणि देवळातली भांडी विसळलेलं पाणी ती त्यालाच घालू लागली. परवा एक साळुंकी त्यावर बसायला आली. फांदी वाकली, तशी उडून गेली.

"दम धर की जरा," साखराबाई तिला म्हणाली.