आमसूल आमसुलाशी
अंगणात रातांब्याची आमसुलं वाळायला घातली की त्या आंबट वासासरशी मला महाडमधली ती प्रयोगशाळा आठवते. कारखान्यातल्या वाफांनी मारलेल्या कामगाराच्या मेंदूतल्या पेशी आकसल्या, असं ठणकावणारं पत्रक मी लिहिलं होतं. शवविच्छेदनानंतर बनवलेल्या स्लाइडवरचं पेशींचं माप त्याच्या बायकोने, आमच्या वहिनीने, आणून दिलेलं. तुलनेसाठी ताज्या मेंदूचं माप मी पुस्तकातून उचललेलं. छापण्याआधी वहिनीला घेऊन त्या प्रयोगशाळेत गेलो आणि तिथल्या, नाते गावच्या टेक्निशियन ताईंना ते दाखवलं, तर त्या हसल्या. "अरे, स्लाइडसाठी मेंदू स्पिरिटात सुकवून मेणात बसवतात, त्यातच तो आकसतो. आमसूल ताज्या रातांब्याशी मोजतोस होय रे?" वहिनीचा चेहरा उतरला. मी चिडलो, "म्हणजे कारखाना सुटला?" "सुटतो कशाला? आमसूल आमसुलाशी मोज." कारखान्याचं तोंडही न पाहिलेल्या, त्याच वयाच्या माणसाची तशीच तयार केलेली स्लाइड त्यांनी काढली आणि दोन्ही मोजल्या. फरक माझ्या आकड्यापेक्षा खूप लहान निघाला, पण निघाला. वहिनी म्हणाली, "तेवढाच लिव, पन खरा लिव." तेवढाच लिहिला. कारखान्याच्या वकिलाला तो अजून खोडता आलेला नाही, आणि मीही आता कुठलाही आकडा हातात आला की आधी विचारतो, हा वाळवलाय कसा?