तरीही पुढे जा

शेलूबाजारला जीपची वाट पाहत मी एका काकांच्या ऑनलाइन फॉर्म भरून द्यायच्या दुकानात बसायचो. त्यांचं नाव कधी विचारलं नाही. कोणतीही साइट उघडली की स्क्रीनवर लाल इशारा यायचा, ही साइट सुरक्षित नाही. ते वाचायचेसुद्धा नाहीत. "काही होत नाही" म्हणत 'तरीही पुढे जा' दाबायचे आणि गिऱ्हाइकाची सगळी माहिती भरून मोकळे व्हायचे.

एकदा मला राहवलं नाही. आतला सेल संपल्यामुळे कॉम्प्युटरची तारीख कैक वर्षं मागे गेली होती, म्हणूनच तो इशारा यायचा. समोरच्या घड्याळवाल्याकडून सेल आणून बसवला, तारीख नीट केली. इशारा थांबला.

"म्हंजे इतके दिवस हे उगाच बोंबलून राह्यलं होतं?"

"हो. पण आता बोंबललं तर खरं समजा. तेव्हा थांबा."

त्यांनी काढलेला जुना सेल उचलून हातात घेतला.

"बायकोच्या छातीत दुखे. रोजच सांगे. मी म्हनो, काही होत नाही. गेली त्या दिवशी बी तेच म्हनलं."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. साइट सरळ उघडली. इशारा नव्हता, बटणही नव्हतं. तरी त्यांनी माउस त्याच जागी नेला आणि क्लिक केलं.