आबांच्या पायाचं माप

घोड्यांत वावरणाऱ्या माणसाची पत त्याच्या बुटांवरून ओळखावी, असं आमचे आबा म्हणत. हे वाक्य ते नेहमी बसूनच म्हणत, कारण त्या वेळी दोन मोतद्दार त्यांच्या पायांतून बूट ओढून काढत असत.

आबा आमच्या लहानशा संस्थानाच्या पागेचे प्रमुख होते. गुडघ्यापर्यंतचे काळे विलायती बूट त्यांना सरकारातून मिळाले होते. मुळात ते आधीच्या प्रमुखाच्या मापाने शिवलेले. तो गृहस्थ बूट येण्यापूर्वीच वारला, आणि एवढा मानाचा ऐवज वाया कसा घालवायचा म्हणून पद आणि बूट दोन्ही आबांकडे आले. पद त्यांना बरोबर बसलं. दसऱ्याच्या स्वारीत ते त्या बुटांत सकाळपासून दिवेलागणीपर्यंत उभे राहत, आणि घरी आल्यावर आई परातीत कोमट पाणी घेऊन बसलेली असे. डाव्या पायाच्या करंगळीशी त्यांना मोठं कुरूप होतं. आबा त्याला लढाईतली जखम असल्यासारखं वागवत. आमच्या संस्थानाने लढाई केल्याची आठवण कोणालाच नव्हती.

पुढे संस्थान विलीन झालं, घोडे विकले गेले. बूट मात्र राहिले. दर दसऱ्याला आबा ते घालून रिकाम्या पागेपर्यंत चालत जात आणि परत येत.

घोड्यांचा डॉक्टर होण्याच्या अभ्यासासाठी मी म्युनिकला गेलो, तेव्हा तिथेही घोडे संपतच आले होते. आमच्या दवाखान्यात शेतावरचे थोराड घोडे येत. मालक त्यांच्या मानेवर थोपटत विचारत, इलाज करण्यात अर्थ आहे का. पुढच्या वेळी तो मालक दवाखान्यावरून ट्रॅक्टर चालवत जाताना दिसे आणि हात करे. त्यातल्या त्यात अमेरिकन छावणीतले सैनिक हौसेने घोडे पाळत. त्यांचे बूट पाहून मी थक्क झालो. पोटरीच्या मध्यापर्यंत उंच, रुंद गळ्याचे, ना बंद ना बक्कल. वरच्या दोन पट्ट्यांचे कान धरून पाय आत सारायचा, की झालं. काढताना टाच कशाला तरी अडकवायची आणि पाय बाहेर. घोड्याने पाडून फरफटवलं तर बूट रिकिबीत राहतो आणि माणूस वाचतो, असं एका सार्जंटने मला सांगितलं. आबांचे बूट असे होते की माणूस वाचला नसता, पण बूट निघाला नसता.

मी घरी हे सगळं लिहिलं. आबांचं उत्तर आलं, असले बूट गुराखी घालतात. पुढच्या पत्राच्या शेवटी, आईच्या सांध्यांची चौकशी आणि आशीर्वाद यांच्या मधे त्यांनी विचारलं होतं, ते रुंद पायालाही मिळतात का. मी कळवलं, मापाचा कागद पाठवा.

कागदाआधी तार आली.

तार वाचून मी न्हाणीघरात गेलो. घरमालकीण बाई दारावर टकटक करून म्हणाल्या, "आज बुधवार आहे. आंघोळ शनिवारी." मी वडील गेल्याचं सांगितलं. बाई पाणी तापवायला निघाल्या. गार पाण्यानेच करायची असते, हे मला त्यांना समजावता येईना. शेवटी गरम पाण्याने केली. त्यांनी ते आपल्या कोळशावर तापवलं होतं.

शरद ऋतूत माझा एक गाववाला धातुशास्त्राच्या डॉक्टरेटसाठी आला. मी त्याला स्टेशनवर घ्यायला गेलो. तो बोटीने जिनोव्हापर्यंत आणि तिथून रेल्वेने आलेला, अंगात दोन स्वेटर. खोलीवर आल्यावर त्याने ट्रंकेतून माझ्या आईने दिलेले डिंकाचे लाडू काढले आणि त्यांच्या खालून घडी केलेलं वर्तमानपत्र.

"हे आबांनी दिलं होतं," तो म्हणाला. "ते गेले त्याच्या आठवडाभर आधी. म्हणाले, पोस्टात चुरगळेल, तू हातानेच ने."

मी पान उलगडलं. मथळ्यांवर आणि जाहिरातींवर शिसपेन्सिलीने काढलेले दोन पाय. कुरूप होतं तिथे त्यांनी फुली मारली होती, नकाशावर सरहद्दीचं ठाणं दाखवावं तशी. उजव्या अंगठ्याशी रेघ हलली होती. स्वतःच वाकून काढलं असणार.

पान पुन्हा घडी करून मी विचारलं, "तेराव्याला होतास?"

"होतो की. तुझ्या दादाने सगळं यथासांग केलं. छत्री, काठी, अंथरूण, चांदीची गाय."

"केवढी?"

"अंगठ्याएवढी. आणि जोडा म्हणून आबांचे ते मानाचे बूट दिले. सगळे म्हणाले, मुलगा असावा तर असा. भटजींनी दोन बोटांनी उचलले."

मी लाडू खाली ठेवला.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गेलेल्या माणसाला यमाच्या गावापर्यंत वर्षभर चालावं लागतं, असं आमच्याकडे मानतात. वाट तापलेल्या वाळूची आणि काट्यांची. म्हणून त्याच्या नावाने जोडा दान द्यायचा. तो त्याला तिकडे मिळतो. यातल्या एकाही गोष्टीवर माझा विश्वास नव्हता आणि नाही. पण त्या वाटेवर आबा दुसऱ्याच्या मापाचे बूट घालून चालताहेत, आणि तिथे मोतद्दार नाहीत, हे मला त्या क्षणी लख्ख दिसलं, आणि पुढे कित्येक दिवस दुसरं काही दिसेना.

"तू शास्त्रज्ञ आहेस ना लेका?" मित्र म्हणाला.

"आहे. बूट घ्यायला शनिवारी चल."

"शनिवारी जोडे घेत नाहीत."

आम्ही शुक्रवारी गेलो.

छावणीजवळ एक खोगीरवाला असले बूट ठेवत असे. मालक अस्सल बव्हेरियन. पण डोक्यावर मोठी हॅट, कमरेला ताटलीएवढं चांदीचं बक्कल, भिंतीवर रानरेड्याची कवटी. दर रविवारी तो आणि त्याचे मित्र शहराबाहेर तंबू ठोकून एकमेकांना शेरिफ म्हणत. अमेरिका त्याने पाहिली नव्हती. त्याचं गांभीर्य पाहून मला आमचा दसऱ्याचा दरबार आठवला.

त्याने आधी गरुड शिवलेले, टोकदार बूट पुढे केले. "टोक असलं की रिकिबीत पटकन शिरतं."

"गोल टोकाचे दाखवा. बोटांना जागा पाहिजे."

"मग टाच तरी उंच घ्या. स्वाराला शोभते."

"बुटकी. ते चालणार आहेत."

"कोण?"

"वडील."

"किती चालतात?"

"पुष्कळ."

मित्र मराठीत पुटपुटला, "वाळू, काटे आणि मधे एक नदी. नदीचं सांग त्याला."

"नदीची सोय आहे," मी म्हणालो. "गाय दिली आहे ना दादाने."

"अंगठ्याएवढी. शेपूट कुठे धरायचं?"

मी हसलो. तार आल्यापासून पहिल्यांदाच, आणि लगेच थांबावं लागलं.

मग मी बूट पारखायला लागलो. तळ चिकटवलेला आहे की शिवलेला, हे कडेच्या दोऱ्यावरून पाहिलं. शिवलेला तळ झिजला तर बदलता येतो. तळव्याच्या कमानीखाली लाकडी खिळ्यांच्या रांगा होत्या. लाकूड ओलीत चामड्याबरोबरच फुगतं, म्हणून तळ सुटत नाही. चामडं दोन बोटांत दुमडलं; बारीक सुरकुती पडली आणि सोडल्यावर गेली. वर्तमानपत्र जमिनीवर पसरून एकेक बूट आबांच्या पायांवर ठेवला. पेन्सिलीची रेघ तळाबाहेर दिसली की तो बाद. शेवटी एक तपकिरी जोड उरला, साधा, बिननक्षीचा. मी डाव्या बुटात कोपरापर्यंत हात घातला आणि फुलीच्या जागी चाचपडलं. शिवण नव्हती. अस्तर मऊ होतं. त्या जागेवर मी बोट जरा जास्तच वेळ ठेवलं असेल, कारण दुकानदाराने हॅट काढली.

"किती टिकायला हवेत?" त्याने विचारलं.

"वर्षभर."

तो दुखावला. "दहा वर्षं टिकतील."

"वर्ष पुरे."

बाहेर आल्यावर मित्र म्हणाला, "आता द्यायचे कुणाला? भटजी कुठे आहे इथे?"

भटजीची मला गरज वाटत नव्हती. पण घेणाऱ्याने ते घालायला हवे होते, नाहीतर दानाला अर्थ नाही. आमच्या तबेल्यात एक वयस्क माणूस घोड्यांची निगा करत असे. तो पूर्व प्रशियाचा. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात घर सोडून, घोडागाडीशेजारी बर्फातून चालत आलेला. गाडीचे दोन्ही घोडे वाटेतच गेले होते. याहून जास्त तो कधी सांगत नसे. बारा महिने रबरी बूट घाले. पाय आबांएवढेच दिसत. मी दुरून पाहिले होते.

मी त्याला सगळं सांगितलं. जर्मन भाषेत यम आणखीच अविश्वसनीय वाटत होता. तो खरारा थांबवून ऐकत राहिला.

"वर्षभर पायी?" तो म्हणाला. "घोड्यांचा माणूस असून घोडा देत नाहीत?"

"नाही देत."

"हं," तो म्हणाला, म्हणजे त्याला हे नवीन नव्हतं. गवताच्या पेंढीवर बसून त्याने बूट चढवले आणि फरशीवर पाचसहा पावलं चालला.

"बसतात?"

"हो, हो. उत्तम."

"चावत नाहीत ना?"

"नवे आहेत, डॉक्टरसाहेब. मी त्यांना मऊ करतो. तुमच्या वडिलांना त्रास नको."

मी अजून डॉक्टर झालो नव्हतो, पण ते त्याला किती वेळा सांगणार.

त्या वर्षात तबेल्याचे कितीतरी गाळे रिकामे झाले. तो मात्र रोज तेच बूट घालून उरलेल्यांना चारा घाली. चामडं त्याच्या घोट्यांशी मोडलं, तळाला माती बसली. एकदा मित्राशी माझा वाद झाला. समजा हे खरं मानलं, तर वाटेवर माप कुणाचं धरायचं, गेलेल्याच्या पायाचं की घेणाऱ्याच्या? मित्र म्हणाला, धातूंचं काही विचार. मी तबेल्यातून जाताना दर वेळी विचारी, "चावत नाहीत ना?" तो म्हणे, "उत्तम." तेवढ्यावर माझे पुढचे काही दिवस बरे जात.

वर्षश्राद्धाच्या तिथीला मी बेकरीतून आणलेले तीळ आणि पाणी खिडकीत ठेवलं. मग तबेल्यात गेलो. त्याला तारीख पाठ होती.

"पोचले?" त्याने विचारलं.

"पोचले असावेत."

तो पेंढीवर बसला. उजव्या बुटाची टाच डाव्या टोकाने दाबून त्याने तो सोडवला. मग डावा, जरा जपून. मोजा काढला. बर्फात गेलेल्या दोन बोटांच्या जागी नुसती गुळगुळीत कातडी होती. करंगळी लाल होऊन सुजली होती, आणि तिच्या कडेला जुनं, कडक झालेलं कुरूप.

"हे केव्हापासून?"

"पहिल्या आठवड्यापासून. बोटं नाहीत तिथे पाय सरकतो, मग इथे घासतं. बुटांचा दोष नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही रोज विचारत होता," तो म्हणाला. "आणि वाटेत असताना बूट बदलता येत नाहीत."

मी त्याच्या शेजारी पेंढीवर बसलो. समोरच्या गाळ्यात एक म्हातारी घोडी एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत उभी होती.

दुसऱ्या दिवशी तो रबरी बूट घालून आला. तपकिरी जोड त्याने मेव्हण्याला दिला होता. मेव्हण्याला ते अगदी बरोबर बसले. तो ट्रॅक्टर चालवायचा.